मदत हवी आहे: बोट बुडाली त्याला जबाबदार कोण?

खांदेरीकर:
शुक्रवारच्या आत उत्तर हवंय. १७ तारखेला गावात श्रद्धांजलीचा कार्यक्रम आहे, पाच मिनिटं बोलायचंय. नक्की चूक कुणाची? दरवर्षी कुणीतरी उठतं, "माणसंच एका बाजूला धावली" म्हणतं आणि विषय मिटतो. मला ते पटत नाही. मुद्द्याचं लिहा.

निशिगंध:
कुठली बोट? टायटॅनिक असेल तर जीवनरक्षक होड्या ११७८ माणसांपुरत्या आणि जहाजावर २२०० च्या वर लोक. तरी ते नियमात बसत होतं! किती टनांच्या जहाजाला किती होड्या, हा नियम १०,००० टनांपाशी थांबलेला, जहाज ४६,००० टनांचं. दोष नियम करणाऱ्या ब्रिटिश बोर्ड ऑफ ट्रेडचा.

खांदेरीकर:
टायटॅनिक कुठून आलं? रामदास बोट हो. मुंबईहून रेवसला जाणारी.

सागरवेडा:
रेवसला जायचं तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो धरा, गाडीही चढते. पुढे रस्त्याने.

कोळीवाडा:
दादा, जायचं कुणाला नाहीये. १७ जुलै १९४७, गटारीला घरी निघालेली माणसं, काशाच्या खडकाजवळ बोट कलंडली. सहाशेहून जास्त गेले. आमची आजी सांगायची, रेवसच्या कोळ्यांनी होडीतली मासळी दर्यात ओतली आणि माणसं वर घेतली. कप्तान वाचला. ऐन आषाढात, तसल्या हवेत बोट हाकलीच कशाला? दोष त्याचाच.

जुना खलाशी:
एकट्या कप्तानावर ढकलू नका. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हतं. सकाळी सुटलेली बोट बुडाल्याचं मुंबईला कळलं संध्याकाळी, तेही वाचून आलेल्यांकडून. यंत्र न बसवणारी कंपनी आणि तशीच बोट सोडू देणारं सरकार, दोघंही जबाबदार.

कोळीवाडा:
यंत्राने लाट थांबते काय?

जुना खलाशी:
नाही थांबत. पण दिवसभर फळ्यांना धरून राहिलेली माणसं हाती लागली असती.

निशिगंध:
२०२४ च्या डिसेंबरात एलिफंटाच्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हाही लाइफजॅकेटचाच प्रश्न निघाला. आपण शिकतच नाही.

कोळीवाडा:
तो वेगळा धागा काढा.

जुना खलाशी:
खांदेरीकर, धावण्याबद्दल लिहितो, २२ वर्षं जहाजावर काढलीत. रामदास १७९ फूट लांब, २९ फूट रुंद. एवढ्या अरुंद बोटीवर शेकडो माणसं एका कुशीला सरकली तर ती झुकणारच. पण पाऊस नि लाटा एका बाजूने अंगावर आल्या की माणूस आडोशालाच जाणार, कडेवर पोर असलेली बाई तर आधी. हे खलाशाला धक्का सोडण्याआधी ठाऊक असतं. गर्दी बांधून ठेवणं, खाली बसवणं, नाहीतर बोट न सोडणं, ही त्याची आणि मालकाची कामं. उतारूंची नव्हेत. तुमचं कोण होतं बोटीवर?

खांदेरीकर:
आजीचे वडील. आडोशाला सरकलेल्यांतले. शेजारी उभा असलेला माणूस वाचला, त्याने घरी येऊन सांगितलं की ते आजीच्या लहान भावाला आत ओढत होते. दोघंही सापडले नाहीत.

कोळीवाडा:
हे आधी सांगायचं ना, भाऊ. माझा शब्द मागे घेत नाही, कप्तान दोषीच. पण धावण्याचं कुणी काढलं तर खलाशीबुवांचं वाक्य वाचून दाखव.

जुना खलाशी:
मुंबईच्या एशियाटिक लायब्ररीत जा, जुलै १९४७ ची वर्तमानपत्रं मागा. शुक्रवारपर्यंत होईल.