सल्ला हवा: ४३३ मेगाहर्ट्झच्या रिमोटचा कोड साध्या स्पेक्ट्रम ॲनालायझरवर वाचता येईल का?

रेडिओवेडा
आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत १.५ गिगाहर्ट्झपर्यंतचा एक साधा स्वीप पद्धतीचा (वारंवारिता एकामागून एक तपासत जाणारा) स्पेक्ट्रम ॲनालायझर, म्हणजे कोणत्या वारंवारितेवर किती तीव्र सिग्नल आहे हे दाखवणारे उपकरण, आहे. विद्यार्थी त्यावर फाटकाच्या रिमोटचा ४३३.९२ मेगाहर्ट्झचा सिग्नल तपासत आहेत. बटण दाबल्यावर पडद्यावर कधी एक काडी उमटते, कधी तीन, तर कधी काहीच नाही. मॅक्स होल्ड (प्रत्येक वारंवारितेवरची सर्वांत मोठी पातळी धरून ठेवण्याची सोय) लावल्यावर शिखर मिळते, पण आतला कोड त्यातून कळत नाही. डिजिटल डिमोड्युलेशनचे (सिग्नलमधून मूळ माहिती वेगळी काढण्याचे) सॉफ्टवेअर घेतल्याशिवाय हे जमणार नाही, असे विक्रेता म्हणतो आणि त्याची किंमत विभागाच्या तरतुदीत बसत नाही. ते घ्यावे का?

जुना_तंत्रज्ञ
या कामासाठी मुळीच घेऊ नये. हे उपकरण एका क्षणी एकाच वारंवारितेकडे पाहते. ते नेमके ४३३.९२ वरून सरकत असताना रिमोट चालू अवस्थेत असेल तरच काडी उमटते, त्यामुळे आपल्याला दिसते तो निव्वळ योगायोग आहे. स्पॅन (पडद्यावर दिसणारा वारंवारितांचा पट्टा) शून्य करावा, म्हणजे आडवा अक्ष वेळेचा होतो आणि ॲनालायझर एका जागी थांबलेल्या रिसीव्हरसारखा वागू लागतो. चालू-बंद पद्धतीच्या (लहर चालू-बंद करून कोड पाठवणाऱ्या) सिग्नलचे डिमोड्युलेशन म्हणजे त्याचा एन्व्हलप, म्हणजे तीव्रतेचा चढउतार, पाहणे, आणि तो झीरो स्पॅनमध्ये आपोआपच मिळतो.

आता आकडे पाहू. अशा रिमोटमध्ये असणाऱ्या ईव्ही१५२७ जातीच्या कोड-चिपमध्ये लहान स्पंद साधारण ३५० मायक्रोसेकंदांचा आणि मोठा त्याच्या तिप्पट धरला, तर एक बिट १.४ मिलिसेकंदांचा होतो आणि २४ बिट व सिंक (फ्रेमची सीमा दाखवणारा भाग) मिळून फ्रेम, म्हणजे कोडची एक पूर्ण आवृत्ती, ४५ मिलिसेकंदांच्या आसपास जाते. म्हणून स्वीप टाइम (पडद्याची एक फेरी पूर्ण होण्याचा काळ) ५० मिलिसेकंद ठेवावा. पडद्यावर ६०१ बिंदू असतील तर दोन बिंदूंमध्ये ८३ मायक्रोसेकंदांचे अंतर पडते, म्हणजे लहान स्पंदाच्या वाट्याला चारच बिंदू येतात. वाचायला तेवढे पुरतात, पण स्पंदाची रुंदी मोजायची असल्यास स्वीप टाइम ५ मिलिसेकंदांवर आणावा.

रिझोल्यूशन बँडविड्थकडे (ॲनालायझरच्या आतील फिल्टरच्या रुंदीकडे) मात्र विशेष लक्ष द्यावे. फिल्टरचा चढण्याचा काळ ढोबळमानाने ०.७ भागिले बँडविड्थ इतका असतो. १ किलोहर्ट्झला तो ७०० मायक्रोसेकंद होतो, म्हणजे लहान स्पंद पुरता वर येण्याआधीच संपतो. १०० किलोहर्ट्झला तो केवळ ७ मायक्रोसेकंद होतो. स्वस्त रिमोट नेमक्या वारंवारितेपासून दहा-वीस किंवा अधिक किलोहर्ट्झ सरकलेले असतात, म्हणून आधी मॅक्स होल्डने खरे शिखर शोधून मध्य तिथेच ठेवावा. व्हिडिओ बँडविड्थ (पडद्यावरची रेषा गुळगुळीत करणाऱ्या फिल्टरची रुंदी) रिझोल्यूशन बँडविड्थच्या किमान तिप्पट असू द्यावी.

ट्रिगर (स्वीप कधी सुरू व्हावा हे ठरवणारी सोय) व्हिडिओवर, म्हणजे सिग्नलच्याच पातळीवर, चढत्या कडेवर आणि सिंगल स्वीपवर (एकच फेरी) ठेवावा. नॉइज उणे ८० डीबीएम (सिग्नलच्या शक्तीचे माप) व शिखर उणे ४० असेल, तर पातळी उणे ५५ च्या जवळपास ठेवणे योग्य. बटण दाबताना पहिली फ्रेम अर्धवट येण्याचा संभव असतो. सोय असेल तर ट्रिगरला ५० मिलिसेकंद विलंब देऊन पुढची फ्रेम पाहावी.

रेडिओवेडा
आभारी आहे. दुसरा एक रिमोट एफएसकेचा (दोन वारंवारितांमध्ये अदलाबदल करून बिट पाठवणारा) असल्याची शंका आहे. त्याचे काय करावे? आमच्या उपकरणावर एफएम डिमोड्युलेशनचे बटण आहे, ते उपयोगी पडेल का?

तरंगलांबी
ते बटण कानासाठी, म्हणजे आवाज ऐकण्यासाठी, असते. मुंबईत १०७.१ मेगाहर्ट्झचे आकाशवाणीचे केंद्र लावून बँडविड्थ ३०० किलोहर्ट्झ ठेवली की विद्यार्थ्यांना डिमोड्युलेशन चांगले समजते, पण बिट त्यातून वाचता येत नाहीत. एफएसकेचा एन्व्हलप सपाट असतो. तरीही मध्य थोडा बाजूला सरकवून सिग्नल फिल्टरच्या उतारावर आणला, तर दोन वारंवारितांच्या उंचीत फरक पडतो आणि ओबडधोबड का होईना, स्पंद दिसू लागतात. नियमित काम असेल तर आरटीएल-एसडीआरचा डोंगल (संगणकाला जोडायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर) व फुकट मिळणारे सॉफ्टवेअर घ्यावे. पातळी मोजण्यासाठी त्यावर विसंबू नये, पण कोड उलगडण्यासाठी तो पुरेसा आहे.

जुना_तंत्रज्ञ
सहमत आहे. एक भर घालतो. विद्यार्थी स्वतःचा ट्रान्समीटर बनवणार असतील, तर मायक्रोकंट्रोलरची ट्रान्समिट-एनेबल पिन मागच्या बाजूच्या एक्स्टर्नल ट्रिगरला जोडावी. सिग्नल क्षीण असला तरी ट्रिगर चुकत नाही. ३.३ व्होल्ट तिथे चालतात की ५ लागतात, हे मॅन्युअलमध्ये आधी पाहावे. ट्रान्समीटर केबलने थेट जोडायचा असेल तर मध्ये २० किंवा ३० डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा भाग) असावाच, आणि अँटेनाच्या टोकावर डीसी येत नाही याची खात्री मल्टिमीटरने करून घ्यावी.