'मालेश' नक्कल नाहीये हो
कुणीतरी म्हटलंय की अजिटेशन फ्री या जर्मन रॉक बँडचा 'मालेश' हा अल्बम म्हणजे पिंक फ्लॉइड या ब्रिटिश बँडचीच जर्मन कॉपी, मला हे अजिबात पटत नाही. बर्लिनची ही पोरं १९७२ मध्ये गोएथे इन्स्टिट्यूट या जर्मन सांस्कृतिक संस्थेतर्फे इजिप्त, लेबनॉन, सायप्रस, ग्रीस असं फिरून आली आणि तिथे टेपवर टिपलेले आवाज त्यांनी सरळ अल्बममध्येच विणले, 'खान एल खलिली' या ट्रॅकचं नाव तर कैरोतल्या बाजाराचंच आहे. मालेश म्हणजे अरबीत 'असू दे, हरकत नाही'. दोन गिटार कशा एकमेकांवर कुरघोडी न करता निवांत गप्पा मारल्यासारख्या चालतात ते हेडफोन लावून ऐकाच, मला तर तेच सगळ्यात आवडतं. फक्त शेवटचा ट्रॅक 'रुकश्टुर्त्स' जेमतेम दोन मिनिटांत संपतो, तो अजून लांबायला हवा होता राव.