‘जिनात’ की ‘जिन्यात’?

सेलूचा_पोर
आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची स्मरणिका निघतेय. मी आमच्या वस्तीवर दोन पानं लिहून दिली. स्टेशनच्या अंगाला जिनं (कापसातली सरकी, म्हणजे बी, काढायचे कारखाने) होती, तेलगिरणी होती, मधून बैलगाड्यांची वाट. आज त्यातलं काहीच नाही. जिनाच्या जागेचं प्लॉटिंग होऊन कॉलनी झाली, गाडीवाट कुणाच्या तरी कंपाउंडमध्ये गेली. त्यात एक वाक्य होतं : ‘होळी झाली की आम्ही दिवसभर जिनात असायचो.’ प्रूफं पुण्याहून तपासून आली, त्यात ‘दिवसभर जिन्यात असायचो.’ खाली ‘जिनात एकाच वेळी दोन मॅचेस चालायच्या’ होतं, तिथंही जिना. फोन केला तर पलीकडून विचारणा, ‘जिन म्हणजे भूत ना? त्यात कसं खेळता येईल?’
तर मला हवंय ते असं : शब्द ‘जिन’ लिहायचा की ‘जीन’? आणि मराठवाड्याबाहेरच्या वाचकासाठी दुसरा काही शब्द आहे का, की तळटीप टाकू?

हुरडा
कुठलं सेलू? वर्ध्याचं की परभणीचं? कापूस दोन्हीकडं.

सेलूचा_पोर
परभणीचं. मनमाड-सिकंदराबाद लायनीवरचं.

शुद्ध_लेखणी
नियमाने ‘जीन’. अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार-उकार दीर्घ : फूल, वीट, जीन. विभक्ती लागली की ऱ्हस्व : फुलात, विटेत, जिनात. म्हणजे तुमचं वाक्य बिनचूक होतं, मुद्रितशोधकांनी ते बिघडवलं. १९६२ चे नियम आहेत, नवीन काही नाही. पण मुळात हा इंग्रजी शब्द हवाच कशाला? ‘सरकी काढण्याचा कारखाना’ म्हणा, पुण्यातल्या शेंबड्या पोरालाही कळेल.

सेलूचा_पोर
‘होळी झाली की आम्ही दिवसभर सरकी काढण्याच्या कारखान्यात असायचो.’ हे वाचून बालकामगार कायदा लावतील, सर.

रुईगाठ
😄 सेलूकर, एक नंबर.
आमचे अण्णा जिनात फिटर होते, म्हणून बोलतो. जिन म्हणजे खरं तर मशीन. डबल रोलर. दोन रोलर फिरतात, त्यांना पात्याचा घास बसतो, रुई पुढं ओढली जाते आणि सरकी खाली पडते. अशी मशिनं ओळीनं असायची. जुन्या जिनात सगळी एका लांब शाफ्टवर, पट्ट्यानं फिरणारी. पट्टा निसटला की ओळच्या ओळ गप्प. त्या रोलरवर चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेल्या असतात. त्या झिजल्या, खाचा पाडून पाडून बारीक झाल्या की काढून फेकायच्या. तोच आमचा खजिना. लगोरीला दगड कोण शोधतंय, चामड्याच्या चकत्या एकावर एक रचायच्या. पडल्या तरी आवाज नाही, त्यामुळं दुपारी वॉचमन उठायचा नाही. वास मात्र हाताला तीन-तीन दिवस राहायचा. आई जेवायला बसू द्यायची नाही.
त्यामुळं ‘सरकी काढण्याचा कारखाना’ हे खरं असलं तरी त्यात मैदान येत नाही. जिनाचं आवार केवढं! हंगाम दसरा-दिवाळीपासून होळीपर्यंत. तेव्हा कापसाच्या गंज्या, गाड्या, पाण्याचे हौद, बिडीला बंदी. होळीनंतर ते सगळं रिकामं. आम्हा पोरांच्या लेखी जिन म्हणजे तो रिकामेपणाच.

मानवतकर
थांबा थांबा. मानवतला मी ‘जिन’ कधी ऐकलेलं नाही. आमच्याकडं जिनिंग. ‘जिनिंगवर गेलाय’, ‘जिनिंगपाशी उभा राहा’. आणि ती जिनिंग, ते नव्हे. सेलू-मानवत असं किती लांब आहे, शब्द कसा बदलेल? मला वाटतं सेलूकरांनी हा खानदेशातून उचललाय.

तापीकाठ
खानदेशात ‘जीन’ आहेच. ‘जीनप्रेस’ म्हणतो आम्ही, म्हणजे सरकी काढणं आणि गाठी बांधणं एकाच आवारात. आमच्याकडून उचलला असेल तर खुशाल वापरा, भाडं नको.

सेलूचा_पोर
मानवतकर भाऊ, उचललाय कशाला? माझे आजोबा निजामाच्या काळात या जिनात हमाल होते. ते ‘जिन’च म्हणायचे. तुमच्याकडं पाटी वाचून बोलत असतील.

मानवतकर
पाटी वाचायला आधी शाळा लागते, ती आमच्याकडं तुमच्याइतकीच जुनी आहे.

खोगीरभरती
मूळ शब्द इंग्रजी आहे हे गृहीत कशाला धरता? फारसीत ‘जीन’ म्हणजे खोगीर. त्यावरून जिनगर, खोगिरं करणारे. कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवरून जायचा, पाठीवर जीन. निजामाच्या राज्यात फारसी दरबारात होती. कापूस लादायची जागा ती ‘जीन’. माझा तर्क आहे, पण बिनबुडाचा नाही.

रुईगाठ
बुड आहे, पण ते बैलाचं. गिन, जिन हा इंग्रजीत ‘इंजिन’चाच तुटलेला तुकडा. व्हिटनीने अमेरिकेत १७९३ मध्ये सरकी काढायचं यंत्र केलं, तेव्हा हा शब्द आधीपासून होता. गंमत अशी की आमच्या जिनातही एक इंजिन होतं, सगळा शाफ्ट त्यावर फिरायचा. म्हणजे एकाच शब्दाचे दोन भाऊ, एकाच छपराखाली. अण्णांना हे सांगितलं असतं तर म्हणाले असते, मग पगार दोन का नाही.

शुद्ध_लेखणी
खोगीरभरती यांचं नाव सार्थ आहे. 🙏

हुरडा
लेखणी सर, ‘जीन’ दीर्घ, तर मग ‘इंजिन’ ऱ्हस्व का? तुमचाच नियम लावून ‘इंजीन’ लिहा की.

शुद्ध_लेखणी
इंजिन कोशात तसंच आहे. रूढीने मान्य.

हुरडा
म्हणजे पुण्यात रूढी झाली की मान्य आणि सेलूत झाली की चूक.

परळीची_लेक
पोरांनो, मघापासून वाचायले. सगळ्यांचं ‘जिन म्हणजे मैदान’ चाललंय. माझी मावशी हंगामात जिनात रोजानं जायची, कापूस मशिनीवर टाकायला. तिच्या तोंडी ‘जिन चालू झालं’ म्हणजे मजुरी चालू झाली, आणि ‘जिन बंद’ म्हणजे किराणा उधारीवर. तुम्ही हंगाम संपल्यावर आत जायचात, बायका हंगामात जायच्या. संध्याकाळी घरी आली की डोक्यावर, भुवयांवर, पापण्यांवर रुईचा भुस्सा. आम्ही हसायचो, म्हातारी झाली म्हणायचो. खोकला तेव्हाच लागला तिला, पण तेव्हा ‘धूळ आहे’ एवढंच म्हणायचे. शब्दाचा अर्थ सांगताना तळटीपेत मैदानाबरोबर हेही टाका. आणि हो, ती जिनिंग म्हणायची नाही, मानवतकर. जिनच म्हणायची. परळीचं कोण खानदेशातून आणणार?

सेलूचा_पोर
ताई, मावशींचं माझ्या लेखात नाही. घालतो.

आडत_दुकान
एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारनंच घ्यायचा, ती १९७२ ला सुरू झाल्यावर जिनांवरच खरेदी केंद्रं बसली. तेव्हा तर होळीपर्यंत थांबायची सोयच नव्हती, गाड्यांच्या रांगा आवाराबाहेर गल्लीत यायच्या. रात्रभर बैलगाड्या उभ्या, कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर सकाळी येणार. शेतकरी गाडीखालीच तीन दगडांवर भाकरी टाकायचे. आमची पोरं जूवर पाय ठेवून गाडीवर चढायची, शिव्या खायची. त्या गल्लीला आम्ही काही नाव दिलं नव्हतं, ‘रांग’ म्हणायचो. ‘रांगेत चाललो’ म्हणजे त्या गल्लीत चाललो, खरेदी असो नसो. आता तिथं चारपदरी आहे.

रुईगाठ
‘रांग’ भारी आहे! नाव रस्त्याला, रांग गेली तरी.
जिनं गावाबाहेर गेली ती मुख्यतः २००० नंतर. केंद्राचं कापूस तंत्रज्ञान अभियान आलं, नवी मशिनं, काँक्रिटचं अंगण, बायपासला मोठाली आवारं. गावातल्या जुन्यांना ते परवडेना. शिवाय गावातली जागा सोन्याच्या भावाची झालेली. मशीन भंगारात, जमीन एनए.

शुद्ध_लेखणी
सगळं वाचनीय आहे, पण विषय शब्दाचा आहे. ‘रांग’ हे विशेषनाम झालं, त्याचा इथे संबंध नाही.

नांदेडचा_भोंगा
मला एक सांगा, सेलूकरांच्या लेखात मोंढा, म्हणजे धान्याचा बाजार, होता का? असला तर प्रूफमध्ये त्याचं काय झालं?

सेलूचा_पोर
विचारलंत म्हणून सांगतो. ‘शाळा सुटली की मोंढ्याच्या मागं पळायचो’ असं होतं. आलं : ‘शाळा सुटली की मेंढ्यांच्या मागं पळायचो.’

नांदेडचा_भोंगा
🤣🤣 आमचा उस्मानशाही मिलचा भोंगा त्यांनी काय केला असता कोण जाणे.
पण बघा, मोंढा हा खास आपला. पुण्यात मार्केट यार्ड, भुसार बाजार. आपल्याकडं परभणीला मोंढा, नांदेडला मोंढा, जालन्याला मोंढा. मला वाटतं तेलुगूतून आलाय.

आडत_दुकान
तेलुगू काय, सरळ ‘मंडी’ आहे. मंडी, मंडई, मोंढा.

खोगीरभरती
‘मंडी’तला ‘ड’ चा ‘ढ’ कसा झाला? आणि अनुस्वारासोबत ‘ओ’ कुठून आला? मला तरी ‘मुंढा’ वाटतो. ओसाड, झाडं नसलेली जागा, जिथं धान्य ओतता येतं.

रुईगाठ
तुमच्या बैलाचं खोगीर उतरवा आधी.
सिकंदराबादला मोंडा मार्केट आहे, अजूनही आहे. भाजी, मसाले. ‘ड’च आहे तिथं. म्हणजे हैदराबाद संस्थानातला शब्द, आपल्या जिभेवर ‘ढ’ झाला. तेलुगूतून की उर्दूतून हे सांगायला मी भाषेचा माणूस नाही.

हुरडा
मग १९४८ नंतर संस्थान गेलं, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला, एवढ्या फिरवाफिरवीत मोंढा टिकला आणि पुण्याच्या प्रूफात मेंढा झाला. 😂

शुद्ध_लेखणी
टिकला म्हणून प्रमाण होत नाही. ‘धान्यबाजार’ हा उत्तम मराठी शब्द उपलब्ध आहे.

परळीची_लेक
सर, ‘बाजार’ फारसी आहे.

शुद्ध_लेखणी
रुळलेला आहे.

मानवतकर
मोंढा पण रुळलेलाच आहे की, तुमच्या गाडीखाली आला नाही म्हणून रुळला नाही असं कसं?

आडत_दुकान
तो ‘ढ’ राहू द्या, माझा मुद्दा वेगळा आहे. मंडी स्त्रीलिंगी, मंडई स्त्रीलिंगी, मोंढा पुल्लिंगी कसा? तेलुगूवाल्यांनी याचं उत्तर द्यावं, मग पुढं बोलू.

नांदेडचा_भोंगा
गाडी-गाडा, पेटी-पेटारा, मंडी-मोंढा. मोठं झालं की पुल्लिंगी. यात तेलुगूचा काय संबंध?

आडत_दुकान
मघाशी तेलुगूतून आलाय म्हणणारे तुम्हीच ना?