क्रॉसविंडमध्ये सेसना उतरवायला एवढी मजा का येते?

पार्लेकर१७२

मंडळी, एक प्रश्न बरेच दिवस डोक्यात घोळतोय. माझं पीपीएल (खाजगी पायलटचं लायसन्स) नवीनच आहे. राहतो पार्ल्याला, विमान मिळतं घाटापलीकडे बारामतीच्या बाजूला, त्यामुळे सुट्टीच्या दिवशी अंधारातच गाडी काढायची, एक्सप्रेस-वे पकडायचा आणि तिकडे पोचल्यावर आधी विंडसॉककडे (वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे) बघायचं असा सगळा प्रकार.

तर जूनच्या सुरुवातीला इन्स्ट्रक्टर शेजारी बसलेले असताना वारा रनवेला साधारण ४० अंश तिरका, १८ नॉट्स (एक नॉट म्हणजे तासाला सुमारे १.८५ किमी), गस्ट म्हणजे झोत २२ पर्यंत. म्हणजे क्रॉसविंड (रनवेला आडवा लागणारा वारा) ११-१२, गस्टमध्ये १४. सेसना १७२ या छोट्या विमानाच्या पुस्तकात १५ पर्यंत दिलंय. फायनलवर (रनवेकडे येण्याच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर) नाक रनवेच्या बरंच डावीकडे, सेंटरलाइन उजव्या बाजूच्या काचेतून दिसतेय, हात आणि पाय सतत चालू, आणि शेवटी डावं चाक आधी टेकलं, मग उजवं, मग नाकाचं. खाली उतरल्यावर शर्ट घामाने भिजलेला पण मी इतका खूष होतो की दुपारी जेवताना पण तेच बोलत होतो.

हिवाळ्यातल्या शांत सकाळी उडवतो तेव्हा असं होत नाही, छान वाटतं, पण एवढंच. बायकोने सरळ विचारलं, वारा सुटला की तुला आनंद होतो म्हणजे नक्की कशाचा होतो रे? आणि मला धड सांगता आलं नाही. तुम्हाला पण असं होतं का? आणि नवीन पायलटने या मजेच्या नादी लागावं का, की हे धोक्याचं लक्षण आहे?

पुष्पकवाला

अरे बाबा, हे लक्षण चांगलं आहे, आधी ते मनातून काढून टाक. मी शिकलो ते एचएएलच्या पुष्पक विमानावर, कापडी पंख, शेपटीला चाक, ९० हॉर्सपॉवरचं इंजिन. त्या विमानाला वाऱ्याची झुळूकसुद्धा कळायची आणि टेकल्यानंतर पायांनी जरा आळस केला की शेपूट पुढे यायला बघायची. त्यामुळे आमच्या पिढीला क्रॉसविंड वेगळा शिकवावाच लागला नाही, रोजचंच होतं.

तुझ्या बायकोला काय सांगायचं ते सांगतो. शांत हवेत विमान ट्रिम केलं (तोल लावून ठेवला) की ते आपलं आपण उडतं, तू फक्त नजर ठेवतोस. वाऱ्यात ते तुझ्याशिवाय उडत नाही. डावा पंख वाऱ्यात झुकवलास की विमान डावीकडे सरकायला बघतं, ते वारा ढकलतो तेवढंच सरकलं पाहिजे म्हणजे रनवेवरून हलत नाही, आणि नाक सरळ ठेवायला उजवा रडर (शेपटीची पायाने चालणारी झडप). हे दोन्ही एकमेकांच्या उलट, आणि किती द्यायचं ते दर सेकंदाला बदलतं कारण जमिनीजवळ वारा कमी होत जातो. हे आकडेमोड करून जमत नाही, बुडाला आणि तळपायाला कळावं लागतं. ज्या दिवशी ते कळतं त्या दिवशी माणूस जेवताना पण तेच बोलतो, मी पण बोलायचो. त्यात मरणाशी खेळण्याचा काही संबंध नाही, कसब अंगात मुरल्याचा आनंद आहे तो.

एक गोष्ट मात्र घट्ट धर. टेकलं म्हणजे संपलं नाही. वेग कमी होत जातो तसा एलरॉनचा (पंखांच्या मागच्या झडपांचा) जोर कमी होतो, म्हणून योक (विमानाचं स्टिअरिंग) वाऱ्याकडे वाढवत वाढवत शेवटी पूर्ण वळवून ठेवायचं, आणि टॅक्सी करून पार्क करेपर्यंत वाऱ्याप्रमाणे धरून ठेवायचं, वारा मागून असेल तर मात्र उलट, वाऱ्यापासून दूर. हाय-विंग (वर पंख असलेलं) विमान आहे, वाऱ्याकडचा पंख उचलला गेला तर दुसरा जमिनीला लागायला वेळ लागत नाही. बहुतेक जण टेकल्यावर हात सैल सोडतात.

आणि तू पार्ल्याचा आहेस म्हणून सांगतो, १९३२ साली जेआरडी कराचीहून टपाल घेऊन पस मॉथ विमानातून उतरले ते तुझ्या घराजवळच्या जुहूलाच. तेव्हा तिथे मातीचं मैदान होतं, पावसाळ्यात पाण्याखाली जायचं, मग पावसाळ्यापुरतं सगळं बस्तान पुण्याला हलवायचे. भारतात पायलटचं लायसन्स मिळवणारा पहिला माणूस, पण जागा वापरण्यासारखी नाही म्हटल्यावर तिथे हट्ट केला नाही, दुसरीकडून उडाले. मला यातलं हेच फार आवडतं.

सह्याद्रीची_सावली

पुष्पकवाला काकांशी सहमत, पण वारा आणि ढग यांना एकाच पोत्यात भरू नका अशी कळकळीची विनंती. “खराब हवेत उडवायला मजा येते” असं कोणी म्हटलं की मी आधी विचारते, बाहेर क्षितिज दिसतंय का? दिसत असेल तर वारा कितीही त्रासदायक असो, तो कौशल्याचा प्रश्न आहे, नाही जमलं तर गो-अराउंड मारा (न उतरता परत वर जा), दुसऱ्या रनवेला जा, परत फिरा. क्षितिज गेलं आणि तुमच्याकडे इन्स्ट्रुमेंट रेटिंग (फक्त यंत्रांवरून उडवायचा परवाना) नाही तर तिथे मजा बिजा काही नाही. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात २० पायलट घेऊन प्रयोग केला होता, इन्स्ट्रुमेंटचं शिक्षण नसलेल्यांना खऱ्या विमानात बाहेरचं दिसणं बंद करून ढगात असल्यासारखं उडवायला लावलं, ताबा सुटायला सरासरी १७८ सेकंद लागले. तीन मिनिटंसुद्धा नाही! कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो आपण सरळ आहोत आणि विमान हळूहळू वळत खाली चाललेलं असतं, आणि कानावर विश्वास ठेवायची सवय आपल्याला जन्मापासूनची असते.

व्हीएफआरला (बाहेर बघून उडवण्याच्या नियमांत) ५ किलोमीटर दृश्यता आणि ढगापासून आडवं दीड किलोमीटर, उभं १००० फूट हे नियम म्हणूनच आहेत. दीड किलोमीटर ऐकायला भरपूर वाटतं, पण १७२ चं विमान ते अंतर अर्ध्या मिनिटाच्या आत कापतं.

आता मला स्वतःला कशात मजा येते ते सांगते. पहिला पाऊस पडून गेला की हवेतली सगळी धूळ धुऊन निघते. एप्रिल-मे मध्ये घाटाच्या पूर्वेला वर गेलं की नुसतं मळकट पांढरं दिसतं, आणि जूनमध्ये दोन सरींच्या मधल्या वेळात तेच डोंगर अगदी हाताला लागतील असे जवळ वाटतात. एकदा ऊन पाठीशी आणि पाऊस समोर होता, तर इंद्रधनुष्य कमानीसारखं नाही, पूर्ण गोल दिसलं, खालचा भाग शेतांवर. जमिनीवरून ते तसं दिसत नाही कारण जमीनच मधे येते. त्या दिवशी वरून खाली यावंसंच वाटत नव्हतं, पण सर जवळ येत होती म्हणून आले.

आणि घाट! पावसाळ्यात ५००० फुटांच्या आसपास पश्चिमेचा वारा ३०-४० नॉट्स सहज असतो. पुण्याकडून मुंबईकडे निघालात तर दोन गोष्टी एकदम होतात, एक तर समोरून वारा म्हणून ११० नॉट्सचं विमान जमिनीवर ७५ ने सरकतं, आणि दुसरं म्हणजे वारा घाटमाथा ओलांडून तुमच्या बाजूला खाली कोसळत असतो, म्हणजे डोंगर समोर आल्यावरच विमान बुडायला लागतं. लोणावळ्याला माथ्यावर ढग टेकलेला असेल तर तिकडे बघायचंसुद्धा नाही. माथा मोकळा असेल तरी किमान २००० फूट वर राहून, सरळ न जाता ४५ अंशात तिरकं जायचं, म्हणजे नाही जमलं तर थोडं वळलं की सखल बाजूला परत.

कामशेतकर_ग्लायडर

मी पॅराग्लायडिंगवाला, त्यामुळे १४ नॉट्स ऐकूनच मी घरी बसेन 🙂 पण ती मजा मला नीट कळते, हवा दिसत नाही आणि तरी तिचा आकार कळायला लागतो, डोंगराच्या कुठल्या बाजूला चढतेय, कुठे पडतेय. माझं एवढंच म्हणणं आहे की इन्स्ट्रक्टर शेजारी असताना आलेली मजा आणि एकट्याने आलेली मजा यात फरक आहे. पहिली आली म्हणून दुसरीच्या मागे लगेच धावू नकोस. स्वतःची लिमिट लिहून ठेव, घरी, शांतपणे, विमानतळावर पोचल्यावर नाही. कारण पहाटे उठून एवढं पेट्रोल जाळून पोचल्यावर कुठलाही वारा बरा वाटायला लागतो.

पार्लेकर१७२

सगळ्यांचे मनापासून आभार, काकांचं उत्तर बायकोला वाचून दाखवलं, तिने लगेच विचारलं की मग पार्क करेपर्यंत योक वळवून ठेवलेलं होतं का? ठेवलं होतं. 🙂

लिमिट लिहिली: एकटा असताना क्रॉसविंड ८ नॉट्स, गस्टचा फरक ५ च्या वर गेला तर नाही, ढगाचा पाया ३००० फुटांच्या खाली असेल तर नाही. त्याच्या वरचं सगळं इन्स्ट्रक्टरबरोबरच. अजून एक विचारायचं होतं, अप्रोचला (उतरायला येताना) हलका पाऊस लागला तर काय वेगळं करायचं?

सह्याद्रीची_सावली

१७२ ला वायपर नसतो हे लक्षात घे. काचेवर पाणी असलं की आपण आहोत त्यापेक्षा उंचावर आहोत असं वाटतं, आणि माणूस नकळत खाली खाली येत जातो. त्यामुळे नजरेवर न जाता अल्टिमीटर आणि रनवेवर पापी दिवे (उतरण्याची उंची बरोबर आहे का ते रंगाने दाखवणारे) असतील तर ते बघ, बाजूच्या काचेतून पण बघत जा, तिथे पाणी कमी टिकतं. रनवे ओला असेल तर ब्रेक हलके, लांबी जास्त धर. आणि कार्बोरेटरवालं जुनं मॉडेल असेल तर पॉवर कमी करायच्या आधी कार्ब हीट (कार्बोरेटर गरम करायचं बटण) ओढ, आपल्याकडच्या दमट हवेत बाहेर २५ डिग्री असताना पण कार्बोरेटरमध्ये बर्फ धरतो, यावर नवीन मुलांचा विश्वासच बसत नाही.

पुष्पकवाला

लिमिट छान आहे. गस्ट असेल तर जेवढा फरक आहे त्याच्या निम्मं अप्रोचच्या वेगात मिळव, म्हणजे ६५ असेल आणि गस्ट ४ ने जास्त तर ६७. उगाच ७५ ने येऊ नकोस, तरंगत राहशील आणि तेवढा वेळ वारा तुला ढकलत राहील. ऑगस्टमध्ये इन्स्ट्रक्टरला सांगून एक दिवस नुसत्या गो-अराउंडसाठी काढ, प्रत्येक वेळी चाक टेकायच्या जरा आधी पॉवर द्यायची. ते हाताला बसलं की वारा अजून आवडेल.