नाविक सक्तीचा करावा, पण जीपीएस बंद करून?

अक्षांश: मासेमारी बोटींवर आणि व्यावसायिक वाहनांत फक्त नाविकच, म्हणजे उपग्रहांवरून ठिकाण सांगणारी भारताची स्वतःची प्रणालीच, चालावी, अशी मागणी ऐकू येते. माझा विरोध त्यातल्या ‘फक्त’ला आहे. २०१३ मध्ये गेलेल्या आयआरएनएसएस-१ए या नाविकच्या उपग्रहावरची तिन्ही रुबिडियम घड्याळं, म्हणजे अतिअचूक अणुघड्याळं, बंद पडली. उपग्रहाचा बाकी भाग धडधाकट, पण अंतर मोजायला तो निकामी. अंतर मोजतात ते सिग्नलला लागलेल्या वेळेवरून. घड्याळ १ मायक्रोसेकंद चुकलं की अंतर ३०० मीटरने चुकतं. त्याच्या बदली गेलेला १एच ऑगस्ट २०१७ मध्ये उष्णताकवचातच अडकला. जागा भरली १आय ने, एप्रिल २०१८ मध्ये. जानेवारी २०२५ मध्ये एनव्हीएस-०२ या नाविकच्या नव्या मालिकेतल्या उपग्रहावर ऑक्सिडायझर (इंधन जाळायला लागणारं द्रव्य) सोडणारे व्हॉल्व्ह उघडले नाहीत आणि तो ठरलेल्या कक्षेत पोहोचलाच नाही. रचनाच मुळात सात उपग्रहांची, स्थान काढायला किमान चार लागतात. दोन-तीन गळाले की उरतं काय?

ध्रुवतारा: मग परक्यांचा भरवसा धरायचा? ११ जुलै २०१९ पासून युरोपच्या गॅलिलिओ प्रणालीची सेवा जवळपास आठवडाभर ठप्प होती. उपग्रह ठणठणीत, बिघाड जमिनीवरच्या यंत्रणेत. २ एप्रिल २०१४ ला रशियाच्या ग्लोनासचे उपग्रह कित्येक तास स्वतःच्या कक्षेची चुकीची माहिती पाठवत होते. २६ जानेवारी २०१६ ला अमेरिकेच्या जीपीएसच्या काही उपग्रहांनी जागतिक वेळेत १३.७ मायक्रोसेकंदांची चूक प्रसारित केली. नकाशावरचं ठिकाण बरोबर राहिलं, पण वेळेसाठी जीपीएसवर विसंबलेली दूरसंचार उपकरणं गडबडली. ही दुरुस्ती आपल्या हातात नव्हती. नाविकचं घड्याळ बिघडलं तेव्हा आपण स्वदेशी घड्याळ बनवलं आणि मे २०२३ मध्ये एनव्हीएस-०१ वर पाठवलं. सक्ती नसेल तर रिसीव्हर, म्हणजे सिग्नल पकडून ठिकाण काढणारं उपकरण, बनवणारे नाविकसाठी खर्च कशाला करतील?

खलाशी: दोघांचंही जॅमिंगकडे, म्हणजे मुद्दाम सिग्नल दाबून टाकण्याकडे, दुर्लक्ष झालंय. सिग्नल जमिनीवर पोहोचतो तेव्हा इतका क्षीण असतो की लहानसा जॅमरही त्याला गिळतो. एनव्हीएस मालिकेत एल-१ हा सिग्नल आला, म्हणजे जीपीएसचीच १५७५.४२ मेगाहर्ट्झ वारंवारता. मोबाइलवाल्यांची सोय झाली. पण फक्त एल-१ चा रिसीव्हर घेतला तर एकच जॅमर दोन्ही प्रणाली घालवतो. सक्ती करायचीच तर एल-५ या दुसऱ्या सिग्नलची करा, ११७६.४५ मेगाहर्ट्झच्या, अँटेनासकट. अँटेना एल-१ चीच ठेवून नुसती चिप बदलली तर एल-५ नीट पकडणारच नाही.

अक्षांश: एल-५ मान्य. पण नाविक आणि जीपीएस मिसळतानाही हिशेब आहे. दोन प्रणालींच्या वेळेतला फरक आधी माहीत नसेल तर तो काढण्यातच एक उपग्रह खर्ची पडतो, म्हणून चारऐवजी पाच लागतात. त्यातला एखादा खोटं सांगतोय हे कळायला आणखी एक, आणि कोणता ते ओळखून वगळायला त्याहून एक. एकट्या नाविकवर हाच हिशेब चार, पाच, सहा असा; सातातले दोन-तीन गळाले की तोही बसत नाही. जीपीएस जोडीला हवाच.

ध्रुवतारा: जोडीला असू दे. पण निविदेत ‘नाविक चालतो’ एवढं लिहून भागत नाही. उपकरण ताब्यात घेताना मोकळ्या आकाशाखाली, सेटिंगमध्ये बाकी प्रणाली बंद करून, रिसीव्हर पूर्ण बंद-चालू करायचा आणि एकट्या नाविकवर स्थान किती मिनिटांत मिळतं ते नोंदवायचं. स्थान आलंच नाही तर माल परत. ही अट ठेवणार असाल तर ‘फक्त’ हा शब्द मी सोडतो.