पोट भरलेलं असतानाही भूक का लागते? (बेसिक प्रश्न आहे, समजून घ्यायचंय)

पहाटवारा
नमस्कार मंडळी. पोषणशास्त्राचा अगदी सुरुवातीचा कोर्स करतेय, आवड म्हणून. कार्ब्ज आणि प्रोटीनच्या ग्रॅमला ४ कॅलरी, फॅटच्या ग्रॅमला ९, इथपर्यंत पाठ झालं. मग घरी स्वतःवरच करून बघितलं, दोन दिवस नाश्ता साधारण ४०० कॅलरीचाच ठेवला, पण एक दिवस बिस्किटं आणि ज्यूस, दुसऱ्या दिवशी उकडलेली अंडी, उकडलेला बटाटा आणि एक फळ. पहिल्या दिवशी साडेदहालाच पोटात कावळे ओरडायला लागले, दुसऱ्या दिवशी दीड वाजेपर्यंत खाण्याची आठवणसुद्धा आली नाही. कॅलरी सारख्या तर भूक सारखी का नाही?
आणि दुसरं म्हणजे रात्री पोटभर जेवल्यावर तासाभरात खा खा सुटते, त्यातही गोडच पाहिजे असतं. लहानपणापासून ऐकतेय की तुझा मनावर ताबा नाही, खरं सांगायचं तर ते फार लागतं. शरीरात नक्की काय चालतं हे कोणी नीट सांगेल का?

सावकाश_चावा
कॅलरी म्हणजे ऊर्जेचं माप, पोट भरण्याचं नाही, इथेच बहुतेकांचा घोळ होतो. १९९५ मध्ये सिडनी विद्यापीठात सुझॅना होल्ट आणि सहकाऱ्यांनी ३८ पदार्थ तपासले, प्रत्येक पदार्थ साधारण २४० कॅलरीइतकाच द्यायचा आणि पुढचे दोन तास पोट किती भरल्यासारखं वाटतंय ते विचारायचं. पांढऱ्या ब्रेडला १०० धरलं तर उकडलेला बटाटा ३२३ वर, सगळ्यात वर, आणि क्रोसाँ ४७, सगळ्यात खाली. म्हणजे तुमचा बटाटा उगाच जिंकला नाही :) पाणी, फायबर, प्रोटीन जास्त असलं की तेवढ्याच कॅलरीत ताटात जास्त अन्न येतं, जठर ताणलं जातं आणि तो ताण व्हेगस नर्व्हमधून (पोटाला मेंदूशी जोडणारी नस) मेंदूला कळतो. मग अन्न आतड्यात उतरलं की तिथून सीसीके, पीवायवाय, जीएलपी-१ अशी हॉर्मोन्स सुटतात, ती म्हणतात बास झालं आता. पण याला वेळ लागतो, १५-२० मिनिटं तरी धरा, आणि ज्यूस तर दोन मिनिटांत संपतो.

गवतफुला
रात्रीच्या प्रश्नाबद्दल. आपल्या भाषेत भूक आणि वासना असे दोन शब्द आहेत बघा, आजारी माणसाबद्दल जुनी माणसं म्हणतात की अन्नावरची वासनाच उडाली. पोट रिकामं असतं पण घास नको वाटतो. तुमचं बरोबर उलटं होतंय, भूक संपलीये आणि वासना शिल्लक आहे. भुकेकडे घ्रेलिन नावाचं भूक लावणारं हॉर्मोन असतं, मुख्यतः जठरातून येतं, जेवणाआधी वाढतं नि जेवल्यावर उतरतं, १९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कांगावा यांना सापडलं. वासनेत मात्र चव, वास, सवय, मेंदूतला बक्षिसाचा भाग हे सगळं येतं. एकच चव खाऊन खाऊन तिचा कंटाळा येतो पण दुसऱ्या चवीचा येत नाही, म्हणून जेवण ढकलून दिलेलं माणूस गोडाला मात्र हात घालतं. हे सगळ्यांच्याच मेंदूत होतं हो, यात ताबाबिबा नसण्याचा प्रश्न नाही, हे मनाला लावून घेऊ नका प्लीज.

तिसरा_प्रहर
झोप किती होते?

पहाटवारा
पाच तास, कधी साडेचार. त्याचा काय संबंध?

तिसरा_प्रहर
बराच. २००४ मध्ये १२ निरोगी तरुणांवर प्रयोग झाला होता, दोन रात्री फक्त चार-चार तास अंथरुणात, तर लेप्टिन (भूक कमी करणारं हॉर्मोन) १८ टक्के उतरलं, घ्रेलिन २८ टक्के चढलं, भूकही वाढली, आणि ओढ जास्त करून गोड नि पिठूळ पदार्थांकडे. माणसं थोडीच होती हे खरं, पण मी स्वतः रात्रपाळी करतो आणि मला हे दर आठवड्याला दिसतं. आधी झोप सुधारा, नाश्त्याचा हिशोब नंतर.

सावकाश_चावा
+१. अजून एक, आठवणीचाही भाग असतो. १९९८ मध्ये मानसशास्त्रज्ञ पॉल रोझिन यांनी गंभीर स्मृतिभ्रंश झालेल्या दोन रुग्णांबद्दल लिहिलं, जेवल्याचं लक्षातच राहायचं नाही, तर १०-३० मिनिटांनी परत ताट दिलं की ते परत जेवायचे. म्हणजे 'मी आत्ताच जेवलोय' हे माहीत असणंसुद्धा पोट भरण्यातच मोडतं. मोबाइलमध्ये डोकं घालून जेवू नका असं मी सगळ्यांना सांगतो ते यामुळेच.

पहाटवारा
बापरे, हे सगळं नवीन आहे माझ्यासाठी, खूप आभार. मग लेप्टिन भूक कमी करतं तर त्याचंच औषध का देत नाहीत?

गवतफुला
१९९४ ला जेफ्री फ्रीडमन यांच्या लॅबमध्ये लेप्टिनचं जीन सापडलं तेव्हा सगळ्यांना तसंच वाटलं होतं. ज्या मोजक्या मुलांमध्ये जन्मतःच लेप्टिन बनत नाही त्यांची अनावर भूक ते दिल्यावर खरंच शांत होते. पण लेप्टिन येतं चरबीच्या पेशींमधून, त्यामुळे वजन जास्त असलेल्यांच्या रक्तात ते आधीच भरपूर असतं, मेंदूच त्याला नीट दाद देत नाही, मग अजून ओतून फारसा उपयोग होत नाही. लेप्टिनचं खरं काम साठा संपत आला की ओरडणं हे आहे, म्हणूनच कडक डाएट केल्यावर भूक इतकी मागे लागते.
आणि हो, भुकेबरोबर सारखी तहान, सारखी लघवी आणि वजन उतरणं असं असेल तर इथे विचारत बसू नका, आधी शुगर तपासून घ्या.

पहाटवारा
नाही नाही, तसलं काही नाही. आजपासून साडेदहाला झोपते, दोन आठवड्यांनी इथेच येऊन सांगते काय झालं ते.