अमेरिकन पटकथालेखक: पदं, श्रेय आणि पैसे कसे ठरतात?

निपाणी_वाचक
नमस्कार मंडळी. आमच्या वाचक मंडळात पुढच्या महिन्यात अमेरिकन सिनेमा-मालिकांच्या लेखकांवर बोलायचं आहे. बेळगाव-निपाणीकडं एकांकिका लिहिणारे बरेच, त्यामुळं प्रश्न नेमके येणार. तीन गोष्टी हव्यात. मालिकेच्या श्रेयनामावलीत डझनभर प्रोड्युसर दिसतात, त्यात लेखक कोण? सिनेमात दोन लेखकांच्या नावांमध्ये कधी & असतं, कधी अक्षरी 'अँड', ते का? आणि काम संपल्यावरही लेखकाला पैसे येत राहतात ते कशाच्या जोरावर?

खानापूर_पटकथा
त्या प्रोड्युसरांतले बरेचसे लेखकच असतात. सगळ्यात खाली स्टाफ रायटर. मग स्टोरी एडिटर (हा संकलक नव्हे, लेखकच), एक्झिक्युटिव्ह स्टोरी एडिटर, को-प्रोड्युसर, प्रोड्युसर, सुपरवायझिंग प्रोड्युसर, को-एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर. वर एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर, आणि त्यांच्यातला जो लेखनापासून संकलनापर्यंत सगळं सांभाळतो तो शोरनर. पडद्यावर मात्र त्याला एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसर असंच म्हणतात.

ही शिडी २२ भागांच्या हंगामावर उभी राहिली होती. वर्षाचा मोठा भाग लेखक कामावर असायचा, आपल्या भागाच्या चित्रीकरणाला हजर राहायचा, संकलनात बसायचा, आणि तिथंच शोरनरचं काम शिकायचा. आता ८-१० भागांचा हंगाम आला. कित्येकदा लेखकांची खोली (म्हणजे मालिका एकत्र बसून लिहिणारा लेखकांचा गट) चित्रीकरणाआधीच बंद होते. पद वाढतं, सेट बघायला मिळत नाही. माझ्या मते कारकिर्दीचं सगळ्यात मोठं नुकसान इथं झालं. २०२३ चा अमेरिकन लेखकांचा १४८ दिवसांचा संप (२ मे ते २७ सप्टेंबर) ज्या कारणांनी झाला, त्यात हे एक. नंतरच्या करारात, निर्मितीला मंजुरी मिळालेल्या मालिकेच्या खोलीत किमान किती लेखक हवेत ते ठरलं: ६ भागांपर्यंत ३, ७ ते १२ भागांना ५, १३ पासून पुढं ६. एकच लेखक सगळे भाग लिहिणार असेल तर ही अट लागत नाही.

टिळकवाडी_रसिक
& असेल तर ती जोडी, दोघांनी एकत्र बसून लिहिलेलं. 'अँड' असेल तर वेगवेगळे मसुदे. बहुतेक वेळा एकाचं काम दुसऱ्याकडं गेलेलं.

श्रेय कुणाला हे अखेरीस स्टुडिओ ठरवत नाही. स्टुडिओ फक्त प्रस्तावित श्रेयाची सूचना त्या पटकथेवर काम केलेल्या सगळ्या लेखकांना पाठवतो. कुणी हरकत घेतली की रायटर्स गिल्डचे (तिथल्या पटकथालेखकांच्या संघटनेचे) तीन सदस्य सगळे मसुदे वाचतात. लेखकांची नावं झाकलेली असतात, नुसतं 'लेखक ए', 'लेखक बी'. कथेची बांधणी, नवे प्रसंग, पात्रं आणि संवाद या चार गोष्टी तपासतात. मूळ पटकथा स्वतंत्र असेल तर नंतरच्या लेखकाचा वाटा ५० टक्के किंवा त्याहून जास्त लागतो. कादंबरी वगैरेवरून केलेली असेल तर ३३ टक्क्यांहून जास्त. म्हणून नुसते संवाद पॉलिश करणाऱ्याचं नाव सहसा येत नाही. इथं घोळ होतो तो मसुदे जपून न ठेवल्यानं. प्रत्येक मसुद्यावर तारीख हवी, आणि जो मसुदा पाठवला त्याचीच पीडीएफ जवळ हवी.

निपाणी_वाचक
नाव गेलं तर पैसेही जातात का?

शहापूर_कायदा
लिहिल्याची ठरलेली फी जात नाही. मसुदा, पुनर्लेखन, पॉलिश असे टप्पे करारात असतात आणि त्या-त्या टप्प्याचे पैसे मिळतात. पण सिनेमा बनल्यावरचा बोनस आणि रेसिड्युअल श्रेयाला बांधलेले असतात. टीव्ही, डिस्क, स्ट्रीमिंग असा पुन्हा वापर झाला की जी रक्कम येते ती रेसिड्युअल. एजंट १० टक्के घेतो, मॅनेजर असला तर त्याचेही बहुधा तेवढेच, वकील ५ टक्के.

आपल्या लेखकांना एक फरक जरूर सांगा. अमेरिकेत स्टुडिओसाठी लिहिलेल्या पटकथेचा कॉपीराइट बहुतेक वेळा स्टुडिओचाच असतो, कारण कायद्यानं लेखक तिथं नोकर ठरतो. रेसिड्युअल मिळतं ते संघटनेच्या कराराच्या जोरावर. आपल्याकडं २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यातच तरतूद आली: चित्रपटगृहातलं प्रदर्शन सोडून इतर वापराच्या रॉयल्टीतला लेखकाचा हक्क करारानं निर्मात्याला देऊन टाकता येत नाही. 'सर्व हक्क दिले' असं लिहून घेतलं तरी तो हक्क उरतो. बेळगावातून मुंबई-कोल्हापूरला कथा देणाऱ्यानं सहीआधी हे वाचलंच पाहिजे.

खानापूर_पटकथा
नमुन्याची पानं वाटणार असाल तर कागदाकडं लक्ष द्या. तिकडची पटकथा लेटर कागदावर असते, साडेआठ बाय ११ इंच. कुरिअर नावाचा टाइप १२ पॉइंट, डावीकडं दीड इंच समास. एक पान म्हणजे साधारण एक मिनिट हा हिशोब त्याच मापाचा. वरखाली एकेक इंच सोडलं की पानात ५४ ओळी बसतात. झेरॉक्सच्या दुकानात ए-फोर निघतं, त्यात ५८ बसतात, म्हणजे १२० पानांची पटकथा ११२ वर येते आणि लांबीचा अंदाज चुकतो. देवनागरीला तर हा हिशोब लावूच नका. मोठ्यानं वाचून घड्याळ लावा.